वऱ्हाडाच्या पोटात : काळ्या पाषाणाखालची अंडी

मागच्या भागात आपण भातकुलीच्या खारपाणपट्ट्यात होतो. पूर्णा आणि तिच्या उपनद्यांनी आणून टाकलेला गाळ आणि त्याखालचा, लाव्हा थिजून बनलेला काळा पाषाण पाहिला. पण त्या पाषाणाच्याही खाली काय आहे? भातकुलीत विहीर कितीही खोल नेली तरी याचं उत्तर हाती लागत नाही. त्यासाठी मोर्शी तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या सालबर्डीला जावं लागतं.

महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे सालबर्डी आपल्याला ठाऊक आहे. भूशास्त्राचे अभ्यासक तिथे जातात ते गाविलगडच्या भ्रंशासाठी. या भेगेच्या उत्तरेची जमीन वर उचलली गेली, वरचा काळा पाषाण झिजला आणि त्याखाली दडलेले जुने खडक उघडे पडले. त्यातलाच एक लॅमेटा थर. वाळू, चिकणमाती आणि चुना यांपासून बनलेला हा खडक जबलपूरजवळच्या लॅमेटाघाटाच्या नावाने ओळखला जातो. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हा पसरण्याआधी इथे नद्या, तळी आणि मोकळी माळरानं होती. तिथे डायनोसॉर चरत होते.

याचा पुरावा आपल्याच अमरावती जिल्ह्यात मिळाला. अमरावती विद्यापीठाचे भूशास्त्रज्ञ अशोक श्रीवास्तव आणि रूपेश मानकर यांनी 2013 साली सालबर्डी परिसरातल्या लॅमेटा थरातून डायनोसॉरच्या पुढच्या पायाच्या हाडाची नोंद केली. पुढे याच भागातून अंड्यांचं घरटंही नोंदवलं गेलं.

लॅमेटा थरातली अशी अंडी साधारण 15 ते 20 सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे मोठ्या कवठाच्या दुपटीएवढी असतात. खडकात ती बहुधा अर्धवट, गोल कडेच्या रूपात दिसतात. कवच जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाड आणि बाहेरून बारीक गाठींनी खरबरीत. पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की खालून निमुळते आणि वर रुंद होत गेलेले कॅल्साइटचे स्फटिक दिसतात. मधूनच बारीक छिद्रं जातात. पिल्लाचा श्वास त्यांतूनच चालायचा. लांब मानेच्या, शाकाहारी टायटॅनोसॉरची ही अंडी मानली जातात. मादी मऊ जमिनीत खड्डा करून ती घालायची. चुनखडीयुक्त पाण्याने भोवतालची माती घट्ट केली आणि कवच टिकलं. वरून लाव्हाचे थर बसल्यामुळे हे सारं पुढे कोट्यवधी वर्षं झाकलेलं राहिलं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या लॅमेटा थरातून डायनोसॉरची अश्मीभूत विष्ठाही मिळाली आहे. तिच्यात गवताचे सूक्ष्म अवशेष आहेत, हे 2005 साली प्रसिद्ध झालं, आणि गवत डायनोसॉरच्या काळातही होतं हे त्यातून जगाला कळलं. विदर्भाच्या मातीने विज्ञानाला दिलेलं हे फार मोठं दान आहे.

म्हणूनच एक कळकळीची विनंती. यात्रेला किंवा सहलीला गेलात आणि खडकात असे गोल आकार दिसले, तर ते उकरू नका, घरी आणू नका. अंडं कोणत्या थरात आहे, शेजारी किती अंडी आहेत, ती कशी मांडलेली आहेत, यावरूनच घरट्याची गोष्ट उलगडते. जागेवरून हललेलं अंडं मुकं होतं. फोटो काढा, जागा नोंदवा आणि अमरावती विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला किंवा नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयाला कळवा. हा ठेवा वऱ्हाडाचा आहे. तो राखणंही आपलंच काम आहे.