पावती मागणारा देश

लंडन : इंग्रज माणूस दान देताना हात आखडता घेतो, असं ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये मला अनेकांनी ऐकवलंय. ते खरं नाही. तो मोकळ्या हाताने देतो, पण आधी विचारतो, आणि ज्याला विचारलं त्याला त्यात अपमान वाटत नाही.

जुलै २०२१ मध्ये चिपळूण, महाड बुडालं, तळीयेवर दरड कोसळली. ठाण्यातल्याच किसननगरच्या एका मंडळाचं मदतीचं आवाहन मी शेजारच्या निवृत्त शिक्षिकेला दाखवलं. बाईंचा पहिला प्रश्न : नोंदणी क्रमांक काय? इथे संस्थेचा क्रमांक धर्मादाय संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या चॅरिटी कमिशनच्या संकेतस्थळावर टाकला की विश्वस्तांची नावं, मागच्या वर्षांचा जमाखर्च, हिशेब थकला असेल तर तेही दिसतं. मी ठाण्याला फोन लावला. उत्तर आलं, "अहो, आपलीच पोरं आहेत, नंबर कसला मागताय?"

पोरं खरंच चांगली. चिखलात उतरून घरं उपसणारी. पण लंडनच्या बाईंना ती दिसणार कशी? शिवाय परदेशी नागरिकाचा पैसा घ्यायला आपल्याकडच्या संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली परवानगी लागते आणि तो दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. माझ्यासारख्या भारतीय पासपोर्टवाल्याला ही अट नाही. मी पैसे पाठवले, बाईंचे राहिले.

इथे मोठ्या आपत्तीत रेड क्रॉस, ऑक्सफॅमसारख्या संस्था डिझास्टर्स इमर्जन्सी कमिटीच्या नावाने एकत्र आवाहन करतात. ही पद्धत १९६३ पासूनची. २००१ च्या भूजच्या भूकंपालाही याच मार्गाने मदत गेली. म्हणून इथे सगळं चोख आहे असं समजू नका. ऑक्सफॅमच्या हैतीतल्या कर्मचाऱ्यांचं गैरवर्तन २०१८ मध्ये चव्हाट्यावर आलं. पण कमिशनने चौकशी केली आणि २०१९ मध्ये अहवाल लोकांसमोर ठेवला.

माझी चिडचिड होते ती आपल्याकडे सगळं असूनही आपण ते वापरत नाही म्हणून. विश्वस्त संस्थांचा कायदा १९५० चा आहे. नोंदणी नसलेल्या मंडळालाही कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तालयातून वर्गणीची तात्पुरती परवानगी काढता येते. संस्थेला दिलेल्या देणगीवर करसवलत मिळते की नाही, ते प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर कळतं. मुख्यमंत्री सहायता निधी आहेच. तरी आपण फॉरवर्ड आलेला क्यूआर कोड स्कॅन करून मोकळे होतो, कारण खाली ओळखीच्या दादांचा फोटो असतो.

त्या दादांना विचारा. खातं मंडळाच्या नावावर आहे की कुणा एकाच्या? पावती मिळणार का? कोणत्या गावात, कशावर खर्च होणार? आणि मंडळांनो, गणपतीचा जमाखर्च फलकावर लावता, तसाच पूरग्रस्त निधीचाही लावा, शिल्लक रकमेसकट. पुढच्या पुराच्या वेळी बाई पुन्हा क्रमांक विचारतील. तो तयार ठेवा.