लहरी चाचण्यांची डोकेदुखी

संकेतस्थळावरील ‘पैसे भरा’ हे बटण बंद पडल्याचे सर्वप्रथम ग्राहकाच्या लक्षात यावे, ही कोणत्याही कंपनीची नामुष्कीच. ती टाळण्यासाठी प्रोग्रामरने केलेला प्रत्येक बदल सर्व्हरवर जमा होताच संकेतस्थळाची चाचणी-आवृत्ती उभारली जाते आणि स्वयंचलित ब्राउझर माणसाप्रमाणे लॉग-इन करून, अर्ज भरून, बटणे दाबून पाहतो. काही बिघडल्यास लाल खूण उमटते आणि बदल तेथेच अडतो. बदल वरचेवर एकत्र करून लगेच तपासण्याच्या या पद्धतीला ‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’ म्हणतात.

ब्राउझर चालविणारे ‘सेलेनियम’ जेसन हगिन्स यांनी २००४ मध्ये शिकागोत ‘थॉटवर्क्स’ कंपनीत लिहिले. २०१७ पासून ‘क्रोम’ पडद्यावर खिडकी न उघडताही चालू लागल्याने सर्व्हरवरील चाचण्या सुलभ झाल्या.

खरी डोकेदुखी आहे ती लहरी चाचण्यांची. कोड तोच, पण चाचणी एकदा उत्तीर्ण, एकदा नापास! आपल्या सुमारे १६ टक्के चाचण्यांत असा लहरीपणा असल्याचे खुद्द ‘गुगल’ने २०१६ मध्ये सांगितले होते. बहुधा पान पुरते उमटण्याआधीच बटणाचा शोध सुरू होतो. त्यावर ‘पाच सेकंद थांब’ अशी सूचना देणे हा आळशी उपाय. सर्व्हर मंदावला की तीही वेळ अपुरी पडते. ‘बटण दाबण्याजोगे होईपर्यंत थांब’ अशी अट घालणेच इष्ट. अन्यथा ‘लांडगा आला रे आला’ अशी गत होते: कर्मचारी लाल खूण दिसताच चाचणी पुन्हा चालवितात आणि खरा दोषही त्यात निसटतो.