गाजराची पुंगी किती रुपयांना घ्यायची? पोकरमधले ‘आशेचे पत्ते’ आणि तुमचं भांडवल



या आठवड्याच्या व्हिडिओत आपला विषय होता, ‘नव्या प्रयोगावर किती पैसे लावायचे?’ त्यात मी पोकरच्या पत्त्यांचं उदाहरण दिलं, पण आकडेमोड करायला वेळ पुरला नाही. म्हणून आज ती इथं सविस्तर करू. कागद-पेन घेऊन बसा, कारण हिशोब आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. पोकर खेळा असं मी अजिबात सांगत नाहीये. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा आपल्या संसदेनं 2025 मध्येच केला आहे. आपल्याला त्या खेळातलं फक्त गणित हवंय, आणि ते फुकट मिळतं.

खेळ थोडक्यात

गणपतीच्या जागरणात तीन पत्ती पाहिली असेल, तर हे लगेच कळेल. पोकरचा सर्वात जास्त खेळला जाणारा प्रकार म्हणजे टेक्सास होल्डेम. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात. मग टेबलावर सगळ्यांसाठी पाच पत्ते उघडतात. आधी एकदम तीन, त्याला फ्लॉप म्हणतात. नंतर एक, आणि शेवटी आणखी एक. प्रत्येक टप्प्यावर चाल होते. पुढं राहायचं तर पैसे टाका, नाहीतर पॅक व्हा.

हातात दोन एक्के आले तर प्रश्नच नाही, तो हात सुरुवातीपासूनच भक्कम असतो. पण काही पत्ते आज काहीच नसतात, उद्या मात्र फार मोठे होऊ शकतात. उदाहरणार्थ छक्कीची जोडी, किंवा बदामची सत्ती आणि अठ्ठी. इंग्रजीत यांना ‘स्पेक्युलेटिव्ह हॅण्ड’ म्हणतात, आपण ‘आशेचे पत्ते’ म्हणू. छक्कीच्या जोडीला टेबलावर तिसरी छक्की मिळाली, तर समोरच्याला पत्ताही लागत नाही आणि त्याचा अख्खा ढीग तुमच्याकडं येऊ शकतो.

वाजली तर पुंगी, नाहीतर मोडून खाल्ली. फक्त ती पुंगी किती रुपयांना घेतली, हे आपण विचारायला विसरतो.

तेच पत्ते, दोन किमती

हातात जोडी असताना फ्लॉपवर तिसरा तसाच पत्ता येण्याची शक्यता साधारण 12 टक्के असते. म्हणजे 100 वेळा प्रयत्न केला तर 12 वेळा लागतो आणि 88 वेळा लागत नाही. हा आकडा कुणाच्या नशिबावर ठरत नाही, 52 पत्त्यांच्या मोजणीतून येतो.

आता समजा तुमच्याकडं आणि समोरच्याकडं प्रत्येकी 400 चिप्स आहेत. त्यानं 10 चिप्सची चाल केली. तुम्हीही 10 टाकल्या. फ्लॉपवर छक्की आली नाही, की निमूट पॅक व्हायचं असं तुम्ही ठरवलंय. 88 वेळा 10 गेल्या, म्हणजे 880. हे भरून काढायला उरलेल्या 12 वेळांत दर वेळी सरासरी 73 चिप्स मिळाल्या पाहिजेत. समोर 400 आहेत, त्यातल्या 73 मिळवायच्या. जमण्यासारखं आहे.

आता तीच छक्कीची जोडी, तोच माणूस, पण चाल 40 ची. 88 वेळा 40 म्हणजे 3,520. बारानं भागा. दर वेळी सरासरी 293 चिप्स हव्यात, आणि समोर आहेत फक्त 400. समोरचा दर वेळी इतका अडकत नाही. कधी त्याच्याही हातात काही नसतं आणि तो पहिल्याच चालीला पॅक होतो. कधी तुमची तिसरी छक्की येऊनही त्याचे पत्ते वरचढ निघतात. म्हणून जाणकार खेळाडू ढोबळ नियम पाळतात. जितके टाकायचे, त्याच्या किमान पंधरा-वीस पट समोर मिळण्यासारखे असले, तरच आशेच्या पत्त्यांवर पुढं जायचं.

पत्ते बदलले नाहीत, फक्त आत शिरायची किंमत बदलली. फायद्याचा सौदा तेवढ्यानं तोट्याचा झाला.

पुढं मिळू शकणाऱ्या पैशांचा हिशोब आजच्या चालीत धरणं, याला पोकरमध्ये ‘इम्प्लाइड ऑड्स’ म्हणतात. डेव्हिड स्क्लान्स्की यांच्या ‘द थिअरी ऑफ पोकर’ या गाजलेल्या पुस्तकात तो नीट समजावून दिला आहे.

खरा पैसा ‘थोडं अजून’मध्ये जातो

आता बदामची सत्ती-अठ्ठी घ्या. फ्लॉपवर दोन बदाम आले. तुमचे चार बदाम झाले, एक आला की कलर! इथं माणूस पत्ते सोडतच नाही. ‘इतकं आलंय, आता काय सोडायचं?’ ओळखीचं वाटतं ना हे वाक्य?

हिशोब करू. न दिसलेले पत्ते 47, त्यात बदाम 9. पुढच्या पत्त्यावर कलर होण्याची शक्यता जेमतेम 19 टक्के. टेबलावर 100 चिप्स होत्या, समोरच्यानं 50 टाकल्या. म्हणजे 150 मिळवण्यासाठी तुम्ही 50 टाकायच्या. 47 वेळा हेच केलं तर 38 वेळा 50 जातील, एकूण 1,900. आणि 9 वेळा 150 येतील, एकूण 1,350. तूट 550 ची. ती भरायला कलर झाल्यावर दर वेळी सरासरी 61 चिप्स आणखी मिळायला हव्यात. समोरच्याकडं तेवढ्या उरल्यात का? तिसरा बदाम दिसल्यावर तो देईल का? याचं उत्तर ‘हो’ असेल तर टाका, नाहीतर पॅक व्हा. आधी किती टाकले, याचा या हिशोबात कुठंच संबंध नाही. नीट बघा, तो आकडा आपण वापरलाच नाही.

आणखी एक धोका आहे. तुमचा कलर झाला, पण समोरच्याकडं बदामचा राजा आणि दुसरा एक बदाम निघाला, तर? त्याचाही कलर, आणि तुमच्यापेक्षा मोठा. काहीच नसतं तर तुम्ही वेळीच पॅक झाला असता. बऱ्यापैकी आलं म्हणून शेवटपर्यंत टाकत राहिलात.

आता तुमच्या धंद्यात या

समजा तुमचा घरगुती फरसाणाचा धंदा आहे, परवाना आहे, हाताशी 4 लाख रुपये आहेत. नाचणीची चकली काढायची कल्पना सुचली. ही आशेची जोडी. आज काहीच नाही, लागली तर मोठी.

एक रस्ता असा. मशीन, छापील पाऊचची मोठी ऑर्डर, गाळ्याचं डिपॉझिट, मिळून दीड लाख. दुसरा रस्ता असा. घरच्याच सोऱ्यानं 20 किलो, साध्या पाऊचवर स्टिकर, बचतगटाच्या प्रदर्शनात दोन दिवस टेबल, मिळून सहा-सात हजार. चकली तीच आहे. पहिल्या रस्त्यानं तुम्हाला आयुष्यात दोन प्रयोग करता येतील आणि तिसऱ्याला घरातलं सोनं काढावं लागेल. दुसऱ्या रस्त्यानं नाचणी फसली तर ज्वारी, ज्वारी फसली तर आणखी काही, असे कितीतरी डाव हातात राहतात.

आणि एक फरक विसरू नका. पोकरमध्ये 12 टक्के हा आकडा पक्का असतो. धंद्यात तुमची चकली चालण्याची शक्यता 12 टक्के आहे की 2, हे कुणीच सांगू शकत नाही. म्हणून आत शिरायची किंमत पोकरपेक्षाही कमी ठेवायला हवी.

समोरचा ढीगही बघा. तुमच्या सोसायटीतल्या 40 घरांनाच विकायचं असेल, तर प्रयोग पूर्ण यशस्वी होऊनही मिळणार किती? आणि मोठ्या कलरकडून हरणारा छोटा कलर आपल्याकडं कसा दिसतो माहितेय? माल खपतोय, पण सगळा उधारीवर. ऑर्डर वाढतायत, पण किलोमागं पाच रुपयेच सुटतायत. असा माल बंद करायला मन होत नाही, आणि भांडवल तिथंच मुरतं.

जिंकलेल्यांच्या गोष्टी ऐकताना

डॉयल ब्रन्सन यानं 1976 आणि 1977 अशी सलग दोन वर्षं पोकरची जागतिक स्पर्धा जिंकली. दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्याच्याकडं 10 आणि 2 हे फडतूस पत्ते होते. आजही त्या जोडीला त्याचं नाव आहे. पण 10-2 वर जे हरले, त्यांची नावं कुठंच लिहिलेली नाहीत.

2003 ची गोष्ट घ्या. ख्रिस मनीमेकर हा टेनेसीचा अकाउंटंट. लास वेगासमधल्या त्या स्पर्धेची फी 10,000 डॉलर. ती खिशातून भरायऐवजी तो शंभर डॉलरपेक्षा कमी फीच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून आत आला, 839 खेळाडूंमध्ये पहिला आला आणि 25 लाख डॉलर घेऊन गेला. शेवटच्या डावात त्याच्याकडं 5 आणि 4 होते. लोक त्या 5-4 ची चर्चा करतात. तुम्ही त्याच्या प्रवेश फीकडं बघा. हरला असता, तरी सोमवारी नोकरीवर जाता आलं असतं.

आजचं काम

डोक्यात जी कल्पना घोळतेय, तिच्यासाठी वहीत चार ओळी लिहा.

1. ही कल्पना तपासायला कमीत कमी किती रुपये लागतील? लिहिलेला आकडा अर्धा करता येतो का, ते बघा.
2. चालली तर वर्षभरात हातात किती राहतील? पहिल्या आकड्याच्या पंधरा-वीस पट तरी दिसतंय का?
3. हे पैसे पूर्ण गेले, तरी घरखर्च, हप्ता आणि चालू धंदा तसाच चालेल का?
4. काय दिसलं की मी पॅक होणार? तारीख आणि आकडा, दोन्ही लिहा.

चौथी ओळ पैसे टाकायच्या आधी लिहा आणि घरातल्या एका माणसाला वाचून दाखवा. पत्ते उघडल्यावर ती लिहायला बसलात, तर हात थरथरतो आणि ‘थोडं अजून’ लिहून जातो.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. विषय आहे, उधारी मागायची कशी!