शब्द आधी, साज नंतर

लेनर्ड कोहेनचा सर्वांत चांगला अल्बम कोणता, यावर त्याच्या दोन चाहत्यांचं एकमत होणं कठीण. १९६७ ते २०१६ या काळात त्याचे चौदा स्टुडिओ अल्बम आले, पंधरावा त्याच्या मृत्यूनंतर. मॉन्ट्रियलचा हा माणूस मुळात कवी. पहिला अल्बम निघाला तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता आणि कवितासंग्रहांबरोबर दोन कादंबऱ्याही त्याच्या नावावर होत्या. म्हणून क्रम लावताना मी एकच कसोटी धरली: साज शब्दांना वाट देतो का?

या कसोटीवर तळाला जातो तो १९७७ चा ‘डेथ ऑफ अ लेडीज मॅन’. निर्माता फिल स्पेक्टर. वाद्यांवर वाद्यं चढवून आवाजाची भिंत उभारण्यासाठी तो प्रसिद्ध होता. कोहेनने नुसती चाल धरण्यापुरतं गायलेलं त्याने पक्कं म्हणून वापरलं आणि अंतिम मिश्रणात त्याला हात घालू दिला नाही. गाणी वाईट नाहीत, पण त्या गलक्यात कवीच हरवतो. त्याच्या वर ‘डिअर हेदर’ (२००४). चांगल्या वहीतली सुटी पानं वाटावीत असा.

‘व्हेरियस पोझिशन्स’ (१९८४) मी मधे ठेवतो, आणि त्यावर वाद होणार हे ठाऊक आहे. ‘हालेलुया’ याच अल्बममधलं. कोलंबिया कंपनीने हा अल्बम अमेरिकेत काढायला नकार दिला होता. पण ते गाणं जगाच्या कानी गेलं ते १९९१ मध्ये जॉन केलने आणि १९९४ मध्ये जेफ बकलीने ते मोकळं करून गायल्यावर. मूळ मुद्रणात ते जडच वाटतं.

सुरुवातीच्या अल्बमांत माझा कौल दुसऱ्याला, ‘साँग्ज फ्रॉम अ रूम’ला (१९६९). पहिल्यात निर्मात्याने घातलेल्या सजावटीवरून कोहेनचे त्याच्याशी खटके उडाले होते. दुसरा नॅशव्हिलमध्ये केला, अगदी उघडावाघडा: गिटार, आवाज, मधेच मोरचंगासारखं वाद्य. हा चौथा.

तिसरा ‘आय ॲम युअर मॅन’ (१९८८). इथे आवाज खूप खाली उतरलेला आणि भोवती साधे कीबोर्ड. तो पुढे जवळजवळ बोलतो आणि चाल मागच्या बायका उचलून धरतात. पोवाड्यात शाहिरामागे झिलकरी उभे असतात ना, तसंच. आवाजाचा पल्ला कमी झाला, पण शब्द न् शब्द कळू लागला.

दुसऱ्या क्रमांकाच्या अल्बमच्या आधी मुंबई येते. लॉस एंजेलिसजवळच्या डोंगरावरील झेन मठात पाच वर्षं काढूनही कोहेनचं जुनं नैराश्य हटलं नव्हतं. १९९९ मध्ये तो रमेश बाळसेकरांना भेटायला मुंबईत आला. निवृत्त बँक अधिकारी असलेले बाळसेकर हे खेतवाडीत राहणाऱ्या निसर्गदत्त महाराजांचे शिष्य. महाराजांच्या मराठी निरूपणाचं ते इंग्रजी भाषांतर करत. केम्प्स कॉर्नरच्या एका साध्या हॉटेलात उतरून कोहेन रोज सकाळी त्यांच्या घरच्या सत्संगाला जाई. याच काळात आपलं नैराश्य ओसरलं, असं त्याने पुढे सांगितलं. २००१ मध्ये ‘टेन न्यू साँग्ज’ आला: घरच्या स्टुडिओत केलेला, सगळी गाणी शेरॉन रॉबिन्सनसोबत रचलेली. समीक्षक त्याला इतका वर ठेवत नाहीत. पण इतका निवांत कोहेन त्याआधीच्या एकाही अल्बममध्ये नाही, आणि हा क्रमांक मी मुंबईपायी नाही, त्या शांततेपायी देतो.

पहिला, ‘यू वाँट इट डार्कर’. पाठीच्या कण्याच्या दुखण्याने बाहेर पडणं अशक्य झालं, तेव्हा मुलगा ॲडमने घरातच माइक लावला आणि कोहेन खुर्चीत बसून गायला. सोबत मॉन्ट्रियलच्या त्याच्या घराण्याच्या सिनेगॉगमधला गायकवृंद. एकही वाद्य शब्दाच्या आड येत नाही. तो निरोप घेतोय म्हणून गहिवरून दिलेला हा क्रमांक नव्हे. कसोटी तीच आहे.

नव्याने ऐकणाऱ्यांनी मात्र इथून सुरुवात करू नये. आधी ‘टेन न्यू साँग्ज’ रात्री, सलग, हातात दुसरं काम न घेता ऐकावा. ‘यू वाँट इट डार्कर’ २१ ऑक्टोबर २०१६ ला आला. ७ नोव्हेंबरला कोहेन गेला.