अथालचा खोटा पीळ

लोकर या वस्तूचं मला जुनं वेड आहे. त्यामुळे सिल्वासा-नरोली रस्त्यावरच्या अथालला मी कशासाठी गेलो, हे घरच्यांनाही नीट समजावून सांगता आलं नाही. दमणगंगेच्या काठचा हा भातशेतीचा मुलूख. इथला पाऊस मेंढीला मानवणारा नाही. वारली, धोडिया, कोकणा यांच्या या प्रदेशात गेल्या चाळीसेक वर्षांत आला तो पॉलिएस्टरचा धागा.

पोर्तुगिजांकडून हा मुलूख सोडवल्याची १९५४ची हकिगत दिवाळी अंकाच्या वाचकाला नव्याने सांगायला नको. राजा वाकणकर, सुधीर फडके, २ ऑगस्टला सिल्वासावर चढलेला तिरंगा, सगळं पाठ आहे. नगर हवेली म्हणजे पोर्तुगिजांचं जमिनीवरचं बेटच होतं. चारी बाजूंनी भारत, आणि दमणहून तिथे जायच्या वाटेसाठी पोर्तुगाल थेट हेगच्या न्यायालयात गेला. निकाल १९६०चा. पुढे विक्रीकर आणि आयकराच्या सवलती मिळाल्या आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांना हे बेट जवळचं वाटू लागलं. अथाल, नरोली, खडोली, मसाट अशा गावांतून शेडी उभ्या राहिल्या.

त्या शेडींतल्या टेक्श्चरायझिंग मशीनपाशी थांबून बघण्यासारखं बरंच आहे. रॅकवर ‘पीओवाय’ची, म्हणजे अर्धवट ताणलेल्या पॉलिएस्टर धाग्याची, जाड बॉबिनं ओळीने लावलेली असतात. त्यांच्यावरचा धागा गुळगुळीत, चमकणारा आणि अगदी निर्जीव असतो. तो वर ओढला जातो, दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या हीटरवरून सरकतो, थंड होतो आणि गरगर फिरणाऱ्या चकत्यांच्या चिमटीतून निघतो. चकत्यांच्या आधी धाग्याला पीळ पडतो आणि त्या ओलांडताच तो उलगडतो. म्हणूनच या प्रकाराला फॉल्स ट्विस्ट म्हणतात, खोटा पीळ. पण तापलेला असताना बसलेलं वळण धागा विसरत नाही. कोनवर गुंडाळला जाताना तो फुगलेला, मऊ, किंचित कुरळा झालेला असतो. मिनिटाला शेकडो मीटर वेगाने हे सगळं चालतं, आणि आवाज एवढा की शेजारच्या माणसाशी खुणांनी बोलावं लागतं.

हा कुरळेपणा कशासाठी? लोकरीसारखं दिसावं, लोकरीसारखी ऊब धरावी म्हणून. स्वित्झर्लंडमधल्या वाटविल गावच्या हेबरलाइन कंपनीने १९३०च्या दशकात रेयॉनला पीळ देऊन, तो पक्का करून, मग उलगडून लोकरीची नक्कल केली. पुढे नायलॉनवर तेच करून ‘हेलंका’ बाजारात आणलं. तेव्हा तीन वेगवेगळ्या पायऱ्यांत होणारं काम अथालचं मशीन एका दमात उरकतं.

मेंढीची लोकर मुळात कुरळी का असते, हे मात्र नक्कल सुरू झाल्यावर वीसेक वर्षांनी कळलं. क्योतोचे रसायनज्ञ मासाओ होरिओ आणि त्यांचे सहकारी कोन्दो यांचा १९५३चा निबंध माझ्या सगळ्यात आवडत्या कागदांपैकी आहे. त्यांनी मेरिनोचा तंतू रंगवून आडवा छेदला. सूक्ष्मदर्शकाखाली अर्धा भाग रंगलेला दिसला, अर्धा जवळपास कोरा. म्हणजे एकाच तंतूत दोन स्वभावांचे अर्धे भाग एकमेकांना चिकटलेले आहेत, आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला नेहमी त्यातला एकच असतो. दोघांची वाढ आणि आकसणं सारखं नाही, म्हणून तंतू वाकतो. होरिओ हे रेयॉनच्या क्षेत्रातले. कृत्रिम धाग्यावर हयात घालवणाऱ्या माणसाने खऱ्या लोकरीचं गुपित उघडावं, याची मला अजून गंमत वाटते. जाड्याभरड्या लोकरीत ही वाटणी इतकी स्वच्छ नसते. आपल्या दख्खनी मेंढीचं दुखणं तिथूनच सुरू होतं.

अथालपासून वीसेक किलोमीटरच्या आत वापी आहे, आणि तिथे खरी लोकर विणली जाते. रेमंडचा वापीचा कारखाना २००६चा. कंपनीचं मूळ ठाण्यातलं, १९२५चं. भूगोलाच्या हिशेबाने ठाणं साष्टी बेटावर येतं, म्हणजे ही बेटावरचीच लोकरीची गिरणी. १९४४मध्ये कैलाशपत सिंघानियांनी ती घेतली तेव्हा तिथे प्रामुख्याने स्वस्त, खरबरीत ब्लँकेटं निघत. सुटाचं कापड, १९५८चं बॅलार्ड इस्टेटमधलं दुकान, लग्नाच्या आहेरातला टेरीवूलचा पीस, हा सगळा थाट नंतरचा. २००९मध्ये ठाण्याचे माग थांबले. आता त्या आवारात टॉवर आहेत.

स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवर असं होऊ शकत नाही. तिथल्या हॅरिस ट्वीडवरून मोठा कज्जा झाला. मुख्य भूमीवर कातलेलं सूत वापरलं तर ते कापड हॅरिस ट्वीड म्हणायचं का? १९६४मध्ये लॉर्ड हंटर यांनी निकाल दिला की सूत, विणकाम, सगळं बेटांवरच झालं पाहिजे. १९९३मध्ये ब्रिटिश संसदेने तसा कायदाच केला: नवी शुद्ध लोकर तिथेच रंगवायची, तिथेच कातायची आणि बेटकरांनी आपल्या घरी हाताने विणायची. नावाला गाव बांधून ठेवलं की धंदा सहज उठून जात नाही. हॅरिस ट्वीडच्या नावात बेट आहे, रेमंडच्या नावात ठाणं नव्हतं. मालकांना दोष देण्यात अर्थ नाही, ऑस्ट्रेलियाहून येणाऱ्या लोकरीला ठाणं काय नि वापी काय!

महाराष्ट्राची स्वतःची लोकर मात्र ना ठाण्याच्या कामाची होती, ना वापीच्या. दख्खनी मेंढीचा केस जाड, काळा-करडा. त्याचं सुटाचं कापड होत नाही. त्याचं घोंगडं होतं. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडच्या सनगर विणकरांनी ते पिढ्यान् पिढ्या खड्डामागावर विणलं. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून केलेली खळ कुंच्याने ताण्यावर चढवायची, तो उन्हात वाळवायचा आणि मग मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं. सूत बायकांनी चरख्यावर कातलेलं. आज कित्येक ठिकाणी कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा लोकरीतून सुटत नाही. धनगर लोकर कातरून टाकून देतात, कारण ती न कातरली तर मेंढीला त्रास. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी मटणासाठी चढ्या भावाने जाते, आणि तिच्या अंगावर कातरण्याजोगी लोकर फारशी नसतेच. बाजाराने निकाल दिलेला आहे.

माझ्या मते हा निकाल फिरवणं अवघड असलं तरी अशक्य नाही, आणि त्याला हेब्रिडीजसारखा कायदाही लागणार नाही. सरकारी वसतिगृहं, आश्रमशाळा, रुग्णालयं दरवर्षी पांघरुणं घेतातच. त्यातला थोडा वाटा सनगरांच्या मागांसाठी राखून ठेवावा, म्हणजे लोकरीला निदान कातरणीपुरता भाव येईल. तोवर पंढरपूर, जेजुरी किंवा पट्टणकोडोलीच्या जत्रेला गेलात तर घोंगडं बघून घ्या. हाताला टोचलं तर ते खरं. गुळगुळीत लागलं, तर त्याचा धागा अथालच्या बाजूचा असण्याची शक्यता जास्त.