‘अंगणवाडी’ : शब्द आणि कृती

भारतीय भाषांच्या व्यवहारात ‘अंगणवाडी’ हा शब्द इतका रुळला आहे की, त्याच्या मुळाशी एक शैक्षणिक प्रयोग आहे याचा सहसा विसर पडतो. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. बालवाडीपर्यंत न येणाऱ्या मुलांच्या वस्तीतच, एखाद्या अंगणात, वर्ग भरवावयाचा, हा अंगणवाडीचा मूळ अर्थ होय. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले व तेथे अनुताई वाघ यांनी ते आदिवासी मुलांत पुढे चालविले.

माँटेसरी पद्धतीची ठराविक मापाची साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून तत्त्व कायम ठेवून साधने बदलण्यात आली. शिंपले, खडे, बिया, पाने, माती यांनी त्यांची जागा घेतली. हा बदल केवळ काटकसरीचा नव्हता. उदाहरणार्थ, ‘पान’ हे एक सूत्र घेतले तर पाने वेचणे, लहानमोठी लावणे, मोजणे, त्यांचे ठसे उमटविणे, द्रोण करणे अशा कृती त्याभोवती गुंफता येतात. प्रत्येक कृतीसरशी देठ, शीर, कोवळे, जून, खरखरीत असे शब्द मुलाच्या हाती लागतात. वस्तू ओळखीची असल्याने तिचे घरचे नाव मुलाजवळ आधीच असते. शिक्षिका त्याच्या शेजारी प्रमाणभाषेतील नाव ठेवते. बोलीला न हिणवता लिखित भाषेकडे नेणारी ही वाट साहित्याच्या अभ्यासकांनीही लक्षात घ्यावी अशी आहे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. परंतु योजनेच्या सहा सेवांपैकी शालापूर्व शिक्षण ही एक होती; पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी यांचा भारही त्याच केंद्रावर आला. शब्द देशभर पोचला. त्यातील कृती तितकीच पोचली असे गृहीत धरता येत नाही.

२० फेब्रुवारी २०२३ रोजी दिल्लीत ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ प्रकाशित झाला. खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रे व गोष्टी यांचा हा संच कृतीला पुन्हा मध्यभागी आणतो. मात्र राजधानीच्या एकाच वस्तीत भोजपुरी, मैथिली, बंगाली बोलणारी मुले शेजारी बसतात. तयार पेटी सर्वांना सारखी मिळते. अंगणातले कडुनिंबाचे पान मात्र प्रत्येक मूल आपापल्या नावाने ओळखते. ती नावे वर्गात उच्चारली जातील तेव्हाच पेटी आणि अंगण यांतील अंतर मिटेल.