स्पॅनिशमधलं 'करणं' मराठीतून समजून घेताना

स्पॅनिश शब्दकोश उघडला की क्रियापदं तीनच शेपट्यांची दिसतात: आर, एर, इर. आब्लार म्हणजे बोलणं, कोमेर म्हणजे जेवणं, बिबिर म्हणजे जगणं. कोण, कधी, काही नाही, नुसती क्रिया. हा इन्फिनिटिव्ह. आपल्याकडे हे काम 'जेवणे'तला 'णे' करतो; 'जेवू', 'जेवायला' ही त्याचीच भावंडं.

आपल्या बीडकडची मुलं स्पॅनिश शिकतात ती इंग्रजीच्या पुलावरून, आणि तिथंच अडखळतात. 'पोहणं चांगलं' याला इंग्रजीत 'स्विमिंग' येतं, म्हणून मुलगा स्पॅनिशमध्ये 'नादांदो' म्हणतो. ते चूक. तिथं 'नादार' हवं, म्हणजे थेट आपलं 'पोहणं'. 'जेवण्यापूर्वी'चंही तसंच: 'आन्तेस दे कोमेर'. आपला 'पूर्वी' मागून येतो, त्यांचा 'आन्तेस दे' पुढून, एवढंच.

खरी गंमत 'क्येरो'ची आहे. क्येरो म्हणजे मला हवंय. 'मला यायचंय' हे होतं 'क्येरो बेनिर'. पण यायचं तुम्ही असाल तर? इंग्रजीत 'टू कम' जागचं हलत नाही, म्हणून विद्यार्थीही बेनिरला चिकटून बसतो. स्पॅनिशला ते चालत नाही. इच्छा एकाची आणि येणं दुसऱ्याचं झालं की इन्फिनिटिव्ह सुटतो: 'क्येरो के बेंगास'. आता मराठीत म्हणून बघा: 'तू यावंस असं मला वाटतं.' 'यायचंय'चं 'यावंस' झालं की नाही? नियम घरातच होता. वेदान्त मराठीत सांगता येतो हे मुकुंदराजांनी शके १११० मध्ये 'विवेकसिंधू'त दाखवलं, तेही आपल्या अंबाजोगाईत, अशी परंपरा आहे. मग स्पॅनिशसाठी इंग्रजीची परवानगी कशाला?

तत्त्वज्ञानाच्या माणसाला आणखी एक गोष्ट भावते. इन्फिनिटिव्हला 'एल' लावला की नाम होतं. 'एल सेर' म्हणजे असणं, अस्तित्व. 'एल देबेर' म्हणजे कर्तव्य; आणि देबेर या क्रियापदाचा एक अर्थ देणं लागणं. आपलं 'देणं'सुद्धा क्रिया आणि कर्ज दोन्ही आहेच की!

एका ठिकाणी मात्र मराठी फसवते. आपण पुस्तक 'वाचायचंय' म्हणतो, पोथी 'वाचायचीय', ग्रंथ 'वाचायचाय'. स्पॅनिशमध्ये तिन्हीकडे 'लेएर'च. तिथं सवयीनं शेपटी बदलायला जाऊ नका.